अळीवाले आले

किस्से कोणी जमवत नाही. कूलरच्या टाकीत पाणी पडून राहतं तसे ते पडून राहतात, आणि आठ दिवस झाकण उघडलं नाही की आपोआप वळवळायला लागतात. नागपुरात डासांच्या कामावर माझी सारी उमर गेली. आता कुठंही दोन माणसं चहाला बसलेली दिसली की माझ्या टाकीचं झाकण आपसूकच निघतं. आज निघालंच आहे, तर ऐका.

आमची टोळी चौघांची. मी मुकद्दम, म्हणजे घरोघर फिरणाऱ्यांवर नजर ठेवणारा. सुशीलाबाई उमरेडकडच्या, रजिस्टर त्यांच्याकडे. बबनकडे धुराचं मशीन आणि साऱ्या वस्तीच्या बातम्या. गजू उंच, म्हणून गच्चीवरच्या टाक्या त्याच्याकडे. काम असं की कूलर, ड्रम, कुंडीखालची ताटली, जिथं साफ पाणी साचलं असेल तिथं बॅटरी मारून पाहायचं. डासाची अळी दिसली की पाणी ओतून द्यायचं, घरच्यांना समजवायचं आणि दारावर खडूनं खूण करायची. पोरंटोरं लांबूनच ओरडत, "अळीवाले आले!"

शाळेत मी दोनच पावसाळे गेलो. वाचतो, हळूहळू. पण रजिस्टरचे रकाने भरणं मला कधी जमलं नाही. हे टोळीला ठाऊक होतं, ऑफिसला नव्हतं. त्यामुळे साताऱ्याकडचे नवे डॉक्टर साहेब आले आणि पहिल्याच मीटिंगमध्ये म्हणाले, "काम खोटं दिसलं की टोळी फोडणार, चौघांना चार झोनमध्ये टाकणार," तेव्हा बाकीच्या टोळ्या माना डोलवत राहिल्या. मी मात्र सुशीलाबाईंच्या हातातल्या रजिस्टरकडे पाहिलं. सुशीलाबाईंशिवाय माझी मुकद्दमी एक दिवसही टिकली नसती.

बाहेर आलो तर त्या म्हणाल्या, "काका, पोह्यावरची तर्री थंडी होऊन राहिली. आधी खा."

*

एक देशमुखकाकू होत्या. त्यांच्या कूलरमध्ये अळ्याच अळ्या. गजू टाकी आडवी करायला गेला, तर काकू मधे उभ्या. म्हणाल्या की हे नळाचं पाणी नाही, रामटेकहून कॅनमध्ये भरून आणलेलं तीर्थ आहे. ते कूलरमध्ये टाकलं की पुण्य हवेतून साऱ्या घराला लागतं. सून देवाला हात जोडत नाही, तिलाही झोपल्या झोपल्या लागतं.

गजूनं टाकी सोडली. बबननं लगेच कानाला हात लावला. मी पाहिलं सुशीलाबाईंकडे.

त्यांनी चपला काढल्या. आम्हालाही काढायला लावल्या. मग लोटी-लोटीनं ते पाणी नेऊन अंगणातल्या झाडांना घातलं, डोक्याला पदर घेऊन. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, काम कसं शांतीनं झालं.

पुढच्या आठवड्यात त्या गल्लीत गेलो, तर पहिल्याच दारात बाई म्हणाल्या, "चपला काढा. आमचंही रामटेकचंच आहे." दुसऱ्या दारात तेच. अठ्ठेचाळीसच्या उन्हात आम्ही आख्खी गल्ली अनवाणी केली. शेवटच्या घरचा माणूस तर म्हणाला, "आमचं साधं नळाचं आहे भाऊ, पण कुंड्यांनाही पाणी पाहिजे."

*

खुणेची गोष्ट. चांगल्या घराला गोल आणि अळी सापडली त्या घराला वाकडी रेघ, ही पद्धत माझी. आपल्याला अक्षरापेक्षा चित्र बरं.

एका गल्लीत एकाच घरी अळी सापडली. रेघ मारून आम्ही आलो. त्या घरी दुसऱ्या दिवशी मुलीला पाहायला पाहुणे येणार होते, हे आम्हाला काय माहीत?

सकाळी साहेब अचानक फेरीवर आले. मी मोठ्या ऐटीत त्यांना त्याच गल्लीत नेलं. पाहतो तर एका दारावर गोल आणि बाकी साऱ्या दारांवर वाकड्या रेघा! ज्या घरी अळी सापडली होती, त्याच घराला गोल. आणि तो गोल इतका सुबक की मला आयुष्यात तसा काढता आला नसता.

साहेबांनी थंडपणे विचारलं, "तुम्ही तर एकच घर सांगितलं होतं?"

मी हातातला खडू मुठीत लपवला. सुशीलाबाईंनी रजिस्टर उघडून समोर धरलं. त्यात घर नंबर, टाकी, अळी आणि घरमालकिणीची सही होती. साहेबांनी रजिस्टर वाचलं, मग दाराकडे पाहिलं. दारातल्या माउलीनं हसून विचारलं, "पाहुणे तुम्हीच का? बारा वाजता येणार होते न?"

साहेब त्या दिवशी तसेच गाडीत बसून गेले. पण तिथून पुढे ते रजिस्टर स्वतः तपासायला लागले आणि मला झोप लागेना.

*

गजूचं ऐका. तो एका घरी टाकी पाहायला गच्चीवर चढला. घरची बाई विसरली, जिन्याला कुलूप घालून खापा गावाला बहिणीकडे निघून गेली. गजूचा फोन खाली बबनच्या खिशात. आम्ही समजलो पोरगा घरी गेला असेल. पोरगा म्हणतो मी, पण दोन लेकरांचा बाप आहे.

बाई परतली चार वाजता. जिना उघडला तर गजू टाकीच्या सावलीत बसलेला. संध्याकाळी तिचा मला फोन आला. मी आधीच माफी मागायला लागलो. म्हटलं, आता ही साहेबांकडे जाते आणि टोळी फुटते.

ती म्हणाली, "माफी काहून मागून राहिले? गच्चीवर माझ्या कुरडया वाळत होत्या. त्यानं एकेक कुरडई उलटवून ठेवली, पाखरं हाकलली, एक तुटू नाही दिली. उद्या शेवया टाकणार आहे. उद्याही पाठवता का त्याले?"

*

ज्या गल्लीत तापाचा पेशंट निघतो, तिथं धूर मारायचा हे बबनचं काम. एकदा तो मशीन घेऊन एका मंगल कार्यालयाच्या लॉनच्या बाजूनं चालला होता. आत लग्न. नवरदेवाच्या भावानं त्याला अडवलं. स्टेजवर धुराचं मशीन लावणारा आलाच नव्हता आणि नवरी-नवरदेव ढगातून येणार असं ठरलं होतं.

बबननं एकदाही नाही म्हटलं नाही. तो माणूसच तसा आहे. तो थेट स्टेजच्या खाली बसला आणि वाजंत्री सुरू झाल्याबरोबर मशीन सोडलं.

ढग झाला, हे खरं. पण त्यातून नवरदेव निघालाच नाही, नुसता खोकला निघाला. भटजींनी उपरणं नाकाला लावून मंगलाष्टका उरकल्या. हार कोणी कोणाच्या गळ्यात घातला ते नंतर फोटोतही नीट कळलं नाही. पाहुणे रस्त्यावर, पंगत रिकामी. बबन म्हणतो, "काका, वांग्याची भाजी एक नंबर होती. मीच एकटा जेवलो."

व्हिडिओ साहेबांपर्यंत पोहोचला. त्यांनी चौघांनाही उभं केलं आणि विचारलं की त्या लॉनमध्ये पेशंट कोण होता.

बबन म्हणाला, "नवरीच्या बापाले महिन्यापासून ताप होता, साहेब."

साहेबांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते. पण वळून त्यांनी मला एवढंच सांगितलं, "मुकादम, आता एक चूक. फक्त एक."

*

मग आम्ही इतकं काम केलं, इतकं काम केलं की विचारू नका. चपला काढल्या, हात जोडले, पाय धरले, एकाच कूलरला तीनतीनदा गेलो. लोकच कंटाळून टाक्या कोरड्या ठेवायला लागले. पंधरा दिवस रजिस्टरमध्ये अळीच्या रकान्यात शून्य, शून्य, शून्य. शून्य मलाही वाचता येतं. मी खुश होतो.

साहेब रजिस्टर पाहून वस्तीतच आले. म्हणाले, नागपुरात पावसाळ्यात पंधरा दिवस अळी सापडत नाही म्हणजे तुम्ही शोधतच नाही. घरी बसून शून्य लिहिता. "चार वाजेपर्यंत मला या वस्तीतली एक जिवंत अळी दाखवा. नाहीतर उद्यापासून चौघं चार ठिकाणी."

तेव्हा वाजले होते दोन.

ज्या अळीसाठी लोकांना वर्षभर रागावलो, ती मागत आम्ही दारोदार फिरलो. कोणी देईना. आमच्याकडे नाही म्हणत सारे छाती काढून उभे. एका माणसाला मी म्हटलं, भाऊ, ड्रम तरी पाहू द्या. तो म्हणाला, "पुसून ठेवला आहे, काका. तोंड पाहा त्यात." गजू चार टाक्या चढला, चार उतरला. बबन नालीत वाकून पाहायला लागला. सुशीलाबाई रजिस्टर छातीशी धरून चालत होत्या. पावणेचारला मी साहेबांसमोर येऊन उभा राहिलो. म्हटलं, साहेब, नाही सापडली. शिक्षा मला करा. लिहिणं या बाईंचं खरं आहे. मला तर रकानाही भरता येत नाही.

साहेबांनी एकदा माझ्याकडे, एकदा रजिस्टरकडे पाहिलं.

तेवढ्यात कोपऱ्यावरच्या घरातून एक बाई आली. नवीन राहायला आलेली, आम्ही तिला ओळखतही नव्हतो. पदराखाली झाकून तिनं एक वाटी आणली होती. सुशीलाबाईंच्या हातात देत हळूच म्हणाली, "तुमची अडचण ऐकली वं बाई. सामान अजून अंगणातच पडून आहे, त्यातल्या एका घमेल्यात पावसाचं पाणी साचलं, त्यात होत्या. जास्त नाहीत, विरजणापुरत्या आहेत."

साहेबांनी वाटीत बॅटरी मारली. सहा अळ्या, जिवंत, अगदी नाचत होत्या. त्यांनी त्या बाटलीत घेतल्या, रजिस्टर मागितलं, सही केली. सहीखाली काय लिहिलं ते मी सुशीलाबाईंना वाचायला लावलं. "टोळी आहे तशीच ठेवावी." त्यांनी ते मला दोनदा वाचून दाखवलं.

साहेब वाटी परत करायला निघाले. सुशीलाबाईंनी अडवलं. "साहेब, शेजारणीची वाटी रिकामी देत नसतात."

साहेबांनी खिसे चाचपले. साखर कुठून येणार? बबनच्या बरणीत गप्पी मासे होते. अळ्या खातात म्हणून विहिरीत सोडायला आणलेले. साहेबांनी वाटीत पाणी घेतलं, दोन मासे टाकले आणि स्वतः त्या बाईच्या दारात गेले. दोन्ही हातांनी वाटी दिली.

बाईनं वाटीत पाहिलं. मग साहेबांकडे पाहिलं.

"आणलं ते बरं केलं, भाऊ," ती म्हणाली. "पण आमच्या घरी जेवायले पाच माणसं आहेत."