बाल्कनीतली साखर

डॅन्यूबकाठच्या ब्राइला शहरातल्या त्या चार मजली इमारतीत कुणाकडची साखर संपली, की माणूस दुकानात जायच्या आधी तिसऱ्या मजल्यावर वेतुरियाचं दार वाजवायचा. वाटी घेऊन आलेल्याला तिने कधी रिकाम्या हाताने पाठवलं नाही. फक्त साखर ओतता ओतता ऐकवायची, "इस्टरच्या आधी निम्म्या भावात होती ही. तेव्हा काय झोपला होतात?"

"तू जागी असतेस ना, मग आम्ही कशाला जागायचं?" खालच्या मजल्यावरची तासिया म्हणायची. तासिया तिची जुनी मैत्रीण. दोघी कापडगिरणीत एकाच पाळीला होत्या, त्यामुळे एकमेकींना काहीही बोलायची मुभा होती.

वेतुरियाची ही सवय हौसेची नव्हती. तिची एकुलती एक मुलगी इलिंका अंगावर पीत होती तेव्हाची गोष्ट. त्या वर्षांत दुकानांच्या फळ्या रिकाम्या असायच्या, आणि काही आल्याची नुसती कुणकुण लागली तरी रांग लागायची. काय आलंय हे न विचारताच लोक उभे राहायचे. एकदा भर थंडीत पोरीला शालीत गुंडाळून वेतुरिया तेलासाठी उभी राहिली. दुपार झाली. तिच्या पुढच्या बाईला शेवटची बाटली मिळाली. त्या बाईने मागे वळून पाहिलं नाही आणि वेतुरियालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. तिच्या जागी असते तर मीही पाहिलं नसतं, असंच तिला वाटलं. घरी येऊन ती नवऱ्याला म्हणाली, "यापुढे या घरात एक बाटली उघडली की दुसरी मागे उभी पाहिजे."

नवरा अंगेल डॅन्यूबवर टगबोट चालवायचा. मालाने भरलेले पडाव ओढत वर जायचा, खाली यायचा. मोठा, सावकाश माणूस. तो म्हणाला, "उभी ठेवू. तिला काय पाय दुखायचेत?"

पुढे कम्युनिस्ट राजवट गेली. दुकानं भरली, पण पगार आटले. गिरणीला कुलूप लागलं, आणि त्याच हिवाळ्यात बोटींच्या कंपनीनेही पगार थकवले. ते दिवस घराने काढले ते कोठीच्या खोलीच्या जिवावर. उन्हाळ्यात स्वस्त मिळाला म्हणून पोत्याने घेतलेला घेवडा, मक्याचं पीठ, तेल, आलुबुखाराचा मुरंबा. शेजारी घरातल्या वस्तू विकत होते तेव्हा अंगेलच्या ताटात रोज मक्याच्या पिठाची गरम मामालिगा होती. तो धक्क्यावरच्या मित्रांना सांगायचा, "लोकांच्या बायका सोनं साठवतात, माझीने घेवडा साठवला. सोनं उकडून खाऊन बघा एकदा!"

त्या हिवाळ्यानंतर वेतुरियाच्या साठवणीला घरात कुणी नाव ठेवलं नाही. ठेवणार तरी कसं?

मग शहरात मोठमोठी दुकानं आली आणि दर आठवड्याला कशाचा ना कशाचा भाव उतरू लागला. वेतुरिया तर त्या कामासाठीच जन्मली होती. कुठली सूट खरी आणि कुठली आधी भाव चढवून मग उतरवलेली, हे तिला डब्याकडे बघूनच कळायचं. दोघांच्या पेन्शनमध्ये इतर म्हातारे महिनाअखेरीला पोटाला चिमटा घ्यायचे. हिच्या घरी पाहुणा कधीही आला तरी केक निघायचा. तिचा नियम एकच: नवं मागे, जुनं पुढे. त्यामुळे व्हायचं असं, की ताजी कॉफी आणली तरी ती मागे जायची, आणि प्यायची ती मुदत सरत आलेली.

"वेता," अंगेल कप हुंगत म्हणायचा, "या घरात या वर्षीचं काही मिळेल का? की त्यासाठी पुढच्या वर्षापर्यंत जगावं लागेल?"

"जगशील रे. एवढ्यात कोण उचलतंय तुला?"

कोठी भरली. पलंगाखालची जागा भरली. इलिंका म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा करायला इटलीत गेली, तिची खोली भरली. मग राहिली ती बाल्कनी.

ती बाल्कनी नदीच्या बाजूला होती. निवृत्त झाल्यापासून अंगेल सकाळी तिथे स्टूल टाकून बसायचा. कोण वर चाललंय, कोण रिकामं परततंय, कुणाचं इंजिन धाप टाकतंय, सगळं स्वतःशीच बोलायचा. वेतुरिया आत कामात असायची, "हो का? बरं," एवढं म्हणायची.

बाल्कनीला काचा बसवल्या आणि फळ्या ठोकल्या त्या अंगेलनेच. बायकोने मागितल्या म्हणून रंधा मारून, गुळगुळीत करून दिल्या. आधी दोनच होत्या, गुडघ्याएवढ्या उंचीच्या. त्यांच्या अलीकडे स्टूल टाकून बसलं तरी वरून नदी दिसायची. मग तिसरी आली, मग चौथी. एके दिवशी साखरेच्या पिशव्या वरच्या काचेला टेकल्या आणि स्टूल स्वयंपाकघरात गेलं. अंगेलला त्याचं फार काही वाटलं नाही. टोपी घालून तो खाली उतरायचा आणि धक्क्यावरच जाऊन बसायचा.

पण त्याच्या पायांतल्या रक्तवाहिन्या बंद होत गेल्या. आधी धक्का सुटला, मग खालचा बाक सुटला. इमारतीला लिफ्ट नव्हती. स्वयंपाकघराच्या खिडकीतून कचऱ्याचे डबे आणि गालिचे झटकायचा लोखंडी दांडा दिसायचा. तो तिथेच बसून राहायचा आणि नदीवर भोंगा वाजला की मान वळवायचा, भिंतीकडे.

"वेता, एक खिडकी मोकळी कर ना," एकदा तो म्हणाला. "एकच."

"करते की. इस्टरला अर्धं संपतंच."

इस्टरच्या गोड पावांत मैदा गेला, साखर गेली, एक फळी खरंच रिकामी झाली. आणि त्याच आठवड्यात सूर्यफुलाच्या तेलाचा भाव कोसळला. असा भाव तिने कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. ती म्हणाली, एवढं तेल ठेवते आणि मग बास. ती खोटं बोलत नव्हती. दर वेळी ती हे मनापासूनच म्हणायची. अंगेलने पुन्हा विचारलं नाही.

ऑगस्टअखेर त्याच्या एका जुन्या सोबत्याचा फोन आला. 'झिंब्रुल', म्हणजे अंगेलने सर्वांत जास्त वर्षं चालवलेली टगबोट, भंगारात काढली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला ओढून खाली नेणार होते, ब्राइलावरूनच.

अंगेलने फोन ठेवला. मग म्हणाला, "वेता, उद्या सकाळी मला बाल्कनीत बसव."

"बसवते ना. त्यात काय एवढं!" संध्याकाळी तिने पिशव्या उतरवायला सुरुवातही केली. चार-पाच उतरवल्या आणि कंबर भरून आली. तिने विचार केला, उरलेलं सकाळी. पण सकाळ ही साखरेची होती. मुरंब्याच्या मोसमातली शेवटची सूट, दुकान उघडताच उडणार. तिने अंगेलला कॉफी दिली. "ही गेले नि ही आले. बोट काही एवढ्या सकाळी येत नाही. आल्यावर लगेच मोकळं करते."

"जा," तो म्हणाला.

दुकानात गर्दी होती. गल्ल्यावरचं यंत्र बंद पडलं, लोक कुरकुरले. वेतुरियाच्या मनात एकदा आलं, टाकावी सामानाची गाडी इथेच आणि जावं. पण तिच्या पुढे तीनच माणसं होती आणि गाडीत साखर होती. ती उभी राहिली. रांगेत उभं राहणं तिला येत होतं. रांग सोडणं तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

दोन्ही हातांत पिशव्या घेऊन ती धापा टाकत जिना चढली. अंगेल स्वयंपाकघरात नव्हता. तो बाल्कनीच्या दारात भिंतीला धरून उभा होता, कपाळावर घाम, पाय थरथरत. त्याने स्वतःच पिशव्या काढायचा प्रयत्न केला होता. दोन खाली पडल्या होत्या, आणि वरच्या रांगेत तळहाताएवढी फट झाली होती. त्या फटीतून समोरच्या पॉपलरच्या झाडांचे शेंडे दिसत होते. नदी आणखी खाली होती.

"गेली?" तिने विचारलं.

"गेली."

"दिसली का रे?"

"ऐकली. सगळ्यांनी भोंगे दिले तिला." त्याने फळीला धरून श्वास घेतला. मग तिच्या हातांकडे बघून म्हणाला, "साखर मिळाली ना?"

तो टोमणा असता तर तिने त्याला उत्तर दिलं असतं. तो टोमणा नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं, एवढी गेली तर निदान मिळाली का.

त्याच आठवड्यात बाल्कनी रिकामी करायची हे तिने ठरवलं. पण अंगेलला ताप आला, पाय काळा पडला, इस्पितळात न्यावं लागलं. चार माणसांनी खुर्चीत बसवून त्याला जिन्यावरून उतरवलं. पानगळ सुरू व्हायच्या आत तो गेला.

इलिंका आली. चाळिसाव्या दिवशी मृताच्या नावाने जेवण घालायचं होतं, इमारतीतल्या सगळ्यांना, चर्चमधल्या गरिबांना. त्यासाठी पाव भाजायला तिने बाल्कनीतली मैद्याची पिशवी फोडली. आत जाळी धरली होती. तिने मागची काढली, तिच्या मागची काढली. करड्या पाकोळ्या भुर्रकन उडून काचेवर आपटू लागल्या. गुडघे दुखायला लागल्यापासून वेतुरियाला मागचं पुढे घेणं जमलं नव्हतं. ती नवं पुढेच लोटत होती. हे तिने अंगेललाही सांगितलं नव्हतं.

"आई," इलिंकाचा आवाज चिरकला, "बाबांची जागा तू या अळ्यांना दिलीस?"

वेतुरिया सांडलेला मैदा गोळा करू लागली. उलट बोलली ती तासिया, कणीक मळायला आलेली. "तोंड सांभाळ, पोरी. गिरणी बंद पडली त्या वर्षी तुझ्या तोंडात घास गेला तो हिच्या फळ्यांवरूनच. आमच्याही."

"मला माहीत आहे, मावशी," इलिंका म्हणाली आणि रडू लागली. "तेच तर."

दोन दिवस तिघी पिशव्या उतरवत होत्या. चांगलं होतं ते अंगेलच्या आत्म्यासाठी म्हणून वाटलं: तेल, साखर, तांदूळ, डबे. ज्याने त्याने "देव त्याला क्षमा करो" म्हणत घेतलं. किडलेलं तासियाच्या भाचीच्या कोंबड्यांना गेलं. फळ्या इलिंकाने उचकटल्या, आणि घरात इतका उजेड आला की भिंतीवरचे डाग दिसू लागले.

इलिंका परत गेल्यावर वेतुरिया एका सकाळी स्टूल घेऊन तिथे बसली. खाली एक बोट दोन पडाव ओढत वर चालली होती. तिचं नाव काय, ती कुणाची, भरलेली की रिकामी, वेतुरियाला काहीच कळेना. इतकी वर्षं तो आत ऐकू येईल एवढ्या मोठ्याने सांगत होता. तिला त्यातला एकही शब्द आठवला नाही. ती उठली आणि भांडी घासायला गेली.

आता ती थोडंच आणते. पाव, दूध, लागेल तेवढं. हिवाळ्यात एकदा दुकानात एक तरुण बाई मैद्याच्या ढिगासमोर उभी होती, कडेवर शालीत बाळ. तिने विचारलं, "मावशी, हा भाव खरंच चांगला आहे की नुसतं लिहिलंय?"

वेतुरियाने पिशवी उलटून तारीख पाहिली. बाईला काहीतरी सांगायचं तिच्या ओठांवर आलं होतं. पण बाळाचे पाय उघडे होते, बाईचा कोट विटलेला होता आणि भाव चांगला होता.

"घे," ती म्हणाली. "चांगला आहे."

बाईने सहा पिशव्या गाडीत टाकल्या, थोडं थांबून आणखी दोन. वेतुरियाने बाळाचा पाय शालीखाली सारला आणि आपला पाव घेऊन गल्ल्याकडे गेली.