उशीखालची गोळी

तिला चौकशीबाई हे नाव मीच ठेवलं होतं, हे आधी कबूल करते.

सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा दिवसभर त्यांची सेवा करायला एका संस्थेने तिला आमच्याकडे पाठवलं. पहिल्याच सकाळी मी तिच्या हातात औषधांचा डबा दिला. डबा कसला, कापलेल्या स्ट्रिपांचा पसारा. दुकानदार चार गोळ्या कापून देतो, नाव दुसऱ्या तुकड्यावर राहतं, आणि आपण ‘पांढरी सकाळची, गुलाबी रात्रीची’ म्हणत वर्षानुवर्षं निभावून नेतो.

तिने डबा वर्तमानपत्रावर उपडा केला. एक तुकडा उचलून म्हणाली, “वहिनी, ही कशाची?”

“ॲसिडिटीची असेल.”

“असेल, की आहे?”

मी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली, आणि ही सातवी शिकलेली बाई माझी तोंडी परीक्षा घेत होती! दुपारपर्यंत तिने सगळ्या निनावी गोळ्या एका पाकिटात घातल्या. “या मेडिकलमध्ये नेऊन द्या, ते नष्ट करतील. कचऱ्यात टाकू नका, कुणी उचलून तोंडात टाकेल.” उरलेल्यांसाठी तिने वही केली. एका पानावर एक औषध. वर संपलेल्या स्ट्रिपचा नाव असलेला कोपरा किंवा खोक्याचा तुकडा चिकटवलेला, खाली कशासाठी, किती वाजता, कुणी सांगितलं. स्ट्रिप ती नेहमी बिननावाच्या टोकाकडून कापायची, म्हणजे शेवटची गोळी संपेपर्यंत नाव शाबूत.

“लग्नाआधी नवऱ्याची एवढी चौकशी केली होतीत का हो?” मी एकदा विचारलं.

“केली असती, तर आज तुमच्या दारात आले असते का?” ती म्हणाली, आणि आम्ही दोघी हसलो. खाटेवरून सासूबाईही हसल्या.

ती एवढी काटेकोर का, हे तिने एका दुपारी टॉवेलांच्या घड्या घालताना सांगितलं. तिच्या आईचं डोकं दुखत होतं. शेजारणीच्या डब्यात एक पांढरी गोल गोळी होती. शेजारीण म्हणाली, डोकेदुखीचीच आहे. “ती निघाली साखर उतरवायची. आईला साखरेचा आजारच नव्हता. पहाटे बघितलं तर डोळे पांढरे. जगली, पण नंतर सात वर्षं मला ‘ताई’ म्हणत होती. पोटच्या पोरीला. गोळी दिली कुणी? मीच.” शेवटचा टॉवेल ठेवून ती सासूबाईंच्या पाठीला पावडर लावायला उठली.

दोन महिने असे बरे गेले. मग सासूबाई दिवसभर पेंगायला लागल्या. घास तोंडात ठेवूनच डोळे मिटायच्या. त्या रविवारी माझी थोरली नणंद आली. दर रविवारी ती येते, अर्धा तास आईजवळ बसते आणि उरलेला वेळ माझ्या घरात काय चुकतंय ते बघते. चादर बदलताना तिला उशीखाली एक गोळी सापडली. पांढरी, गोल, मधे रेघ, कडेला खडबडीत. तिने फोनवर गोळ्यांची चित्रं शोधली, बोटाने वरखाली सरकवली आणि एका ठिकाणी थांबली.

“ही बघ. झोपेची गोळी. हुबेहूब!”

चौकशीबाईचा चेहरा उतरला, आवाज मात्र तसाच राहिला. “ताई, चित्रावर जाऊ नका. पांढऱ्या गोल गोळ्या ढिगाने असतात. हिच्यावर अक्षरं आहेत, पुसट झालीत. कागदात गुंडाळा, घरातल्या सगळ्या स्ट्रिपा घ्या, माझी वही घ्या आणि मेडिकलमधल्या काकांना दाखवा. त्यांना नाही कळलं तर डॉक्टरांना. मी येते बरोबर.”

“म्हणजे चार लोकांत शोभा करून घेऊ? आईला गुंगी द्यायची, स्वतः लोळत पडायचं आणि वर आम्हालाच अक्कल शिकवायची!”

“मी लोळते का, ते वहिनींना विचारा.”

वहिनी म्हणजे मी. ती दुपारीसुद्धा पाठ टेकत नाही हे मला ठाऊक होतं. पण सासूबाई पेंगतात हेही मी पाहत होते, आणि नणंदेपुढे तोंड उघडायची मला सवय नाही. मी सासूबाईंच्या पायांवरचं पांघरूण सारखं करत राहिले. ते सारखंच होतं.

नणंदेने तिथूनच संस्थेला फोन लावला. “पेशंटला औषध देऊन झोपवते. हो, लिहून घ्या.” अशी तक्रार लागलेल्या बाईला कुठलीही संस्था पुन्हा कुणाच्या घरात पाठवत नाही. तिची बावीस वर्षांची रोजीरोटी त्या एका वाक्यात गेली. तिने अंगावरचा एप्रन काढून त्याची घडी केली, वही टेबलावर ठेवली. “पुढच्या बाईला लागेल.” दारात वळून मला म्हणाली, “ती गोळी फेकू नका. कुणी सांगितलं तरी.”

मी फेकली नाही. तेवढं एक केलं.

ती गेली, तरी सासूबाईंचं पेंगणं सुरूच. गुरुवारी डॉक्टर आले. बीपी भलतंच चढलेलं. “गोळी चालू आहे ना?” “चालू आहे,” मी म्हणाले, आणि म्हणता म्हणता मला उशीखालची ती गोळी आठवली. संध्याकाळी कागदातली गोळी, स्ट्रिपा आणि वही घेऊन मी मेडिकलमध्ये गेले.

काकांनी भिंग लावलं. “एका बाजूला अर्धं अक्षर, दुसरीकडे आकडा. अर्ध्या अक्षरावर मी कुणाला गोळी देत नाही आणि कुणावर आळही घेत नाही.” त्यांनी वहीचं पान न् पान पाहिलं, मग फडताळातून आमच्या बीपीच्या गोळीची नवी स्ट्रिप काढून एक गोळी तिच्याशेजारी ठेवली. तोच आकार, तीच रेघ, तोच आकडा.

“पण ही गुलाबी आहे,” मी म्हणाले.

“रंग फक्त वरचा असतो. तोंडात राहिली की जातो. तुमची ही थुंकलेली दिसतेय. घरी जाऊन नीट शोधा आणि डॉक्टरांना कळवा. चुकलेल्या गोळ्या भरून काढायला दोन-दोन देऊ नका.”

उशीच्या अभ्र्यात, आतल्या शिवणीला, नऊ निघाल्या. दोन अजून एका अंगाने गुलाबी होत्या. सासूबाई लहान मुलासारख्या माझ्याकडे बघत म्हणाल्या, “कडू लागतात गं. त्या बाईला सांगू नकोस, रागावेल.”

मग पेंगणं कशाचं? वहीच्या शेवटच्या पानावर होतं. ‘खोकल्याचं औषध, ताईंनी घरून आणलं. बाटलीला लेबल नाही. कोणतं, विचारलं. ताई रागावल्या. मी देत नाही, रात्री घरचे देतात. तेव्हापासून आजी झोपाळू. वहिनींना सांगितलं.’

सांगितलं होतं. मी ‘बघू’ म्हणाले होते.

डॉक्टरांनी बाटली बंद केली आणि तिसऱ्या दिवशी सासूबाई जाग्या झाल्या. नणंदेला सगळं सांगितलं, तर म्हणाली, “मला दिसलं ते मी बोलले. आता काय तिच्या पाया पडू?” आमचे हे म्हणाले, “झालं गेलं. ताईला कशाला दुखवायचं? बायका काय, दुसऱ्या मिळतात.” संस्थेतल्या बाईंनी माझं पत्र वाचलं, फाइलला लावलं. तक्रार ज्यांनी केली त्यांनीच मागे घ्यायला हवी, असा नियम आहे म्हणाल्या.

चौकशीबाई मला सापडली ती एका लॉजच्या मागे, चादरी धुण्याच्या कामावर. हात कोपरापर्यंत सोललेले. मी सगळं सांगितलं, माफी मागितली, पत्राची प्रत पुढे केली. तिने ती ओल्या हातात घेतली नाही.

“आजींना गोळी दिली की तोंड उघडायला लावा. जीभ वर करून बघा. माझीही चूकच, पाण्याचा घोट घेतला की मी वळायचे.” मग पत्राकडे बघून म्हणाली, “यावर ताईंची सही आहे?”

“नाही.”

“मग माझ्या काय कामाचं, वहिनी?”

मी सोबत आणलेली वही मात्र तिने घेतली. हात पदराला पुसून आमची पानं शिवणीपासून नीट सुटी केली आणि मला दिली. उरलेली कोरी वही पिशवीत टाकून आत गेली.

आता सासूबाई रोज गोळी घेतात. न सांगता तोंड उघडतात, जीभ वर करून दाखवतात, आणि म्हणतात, “तिला सांग हो, मी गिळते म्हणून.”

मी ‘सांगते’ म्हणते.