दाजींनी विमान पुन्हा वर घेतलं

आमच्या दाजींइतका संशयी माणूस बारामतीपासून इंदापुरापर्यंत दुसरा झाला नसेल. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. गाव पणदरे आणि पेशा वैमानिकाचा. डोळ्यांसमोर काढलेलं दूधसुद्धा ते वास घेतल्याशिवाय पीत नसत. इंदापूरच्या एका लग्नात मांडवात शिरण्याआधी त्यांनी नवरदेवाचं नाव तिघांना विचारलं. अक्का लाजेनं अर्धी झाली. चौथ्यानं 'तुमचं लग्न तिकडं' म्हणत आम्हांला पलीकडच्या मांडवात पाठवलं, ही गोष्ट वेगळी.

नव्वद सालानंतर त्यांच्या कंपनीत नवी विमानं आली. कुठल्या धावपट्टीवर उतरायचं तेवढं भरलं, की त्यांतला कॉम्प्युटर दाट ढगांतूनही विमान बिनचूक खाली नेई. तरुण वैमानिक खूश होते. दाजी मात्र पडद्यावरचा प्रत्येक आकडा छापील नकाशावर बोट ठेवून ताडून बघत. "त्याला सांगणारं कोण? आपणच. मग चुकणार बी आपणच," म्हणत. पोरं पाठीमागं हसत.

एकदा ढगांतून उतरताना पडद्यावरची उंची नकाशाशी जुळेना. सहवैमानिकानं धावपट्टीच्या उलट्या टोकाचा मार्ग भरला होता. दाजींनी विमान पुन्हा वर घेतलं, मार्ग नीट भरला आणि सुखरूप उतरवलं. पण उशीर झाला, आणि विमानात एक बडी असामी होती. चौकशीत सहवैमानिक म्हणाला, "सरांना कॉम्प्युटर जमत नाही." दाजींचं कुणी ऐकून घेतलं नाही. त्यांना घरी बसवलं.

पणदऱ्यात ते ऊस बघू लागले आणि संशय घरात शिरला. चहात साखर घातलीय म्हटलं तरी चमच्यानं तळ ढवळून बघत. एकदा अक्काला रडूच आलं. "अवो, माझ्यावर तरी इस्वास ठेवा," ती म्हणाली. दाजी कप घेऊन गोठ्याकडं निघून गेले.

काही वर्षांनी तोच सहवैमानिक पेढे घेऊन आला. कॅप्टन झाला होता. दाजींच्या पाया पडला. चौकशीबद्दल अवाक्षर काढलं नाही. दाजींनी एवढंच विचारलं, "आकडं ताडून बघतोस का?"

"आता कुठं वेळ असतो, सर?"

दाजी त्याला फाट्यापर्यंत सोडून आले. अक्कानं विचारलं, "काय म्हणला?"

"काय न्हाय." ते ओट्यावर टेकले. "इमानावर हात लई चांगला हाय पोराचा. मीच शिकवलं हुतं त्याला."