बर्फसरांचे अकरा प्रकार

सर्व संबंधितांस गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, आदिलाबाद जिल्ह्यात, जैनथच्या पुढच्या एका गावात, जिथे उन्हाळ्यात कावळेसुद्धा शाळेच्या रांजणाजवळ चोच उघडी टाकून बसतात, तिथे एका माणसाला बर्फाचे अकरा प्रकार तोंडपाठ होते. त्यांतला एकही त्याने पाहिलेला नव्हता. सदर बाब संपूर्ण खरी असून, त्याच शाळेतली गणिताची बाई या नात्याने मी तिला साक्षीदार आहे.

हे आमचे भूगोलाचे सर. मुले पाठीमागे त्यांना बर्फसर म्हणत आणि ते सरांना ठाऊक होते. हिमनदी, हिमनग, हिमरेषा, दहिवर, गारा अशी यादी ते छडीच्या तालावर म्हणून घेत. दहिवर, म्हणजे गोठलेले दव, शिकवताना डस्टर स्वतःच्या डोक्यावर झटकत आणि पांढऱ्या केसांनी उरलेला तास घेत. हिमप्रपात आला की हजेरीबुक टेबलावर असे आपटत, की भिंतीपलीकडे माझ्या वर्गात निम्म्या मुलांची बेरीज चुके. कायमची गोठलेली जमीन मात्र ते हळू आवाजात शिकवत. म्हणत, "इथे नांगर चालत नाही. कापूस तर विसराच."

"मंग थितले लोकं खातेत काय, सर?"

"मासे."

"अन् मासे काऊन नाई गोठत?"

"ते पुढच्या वर्षी आहे," असे म्हणून सर पुस्तक मिटत.

त्यांचे एक वाक्य ठरलेले होते: "नाव पाठ ठेवा. वस्तू मागून येते." मला हे उलटे वाटे. एकदा डबा खाताना मी तसे म्हटले, तर ते हसले नाहीत. "बाई, माझा बाप दुसऱ्याच्या शेतात राबला," ते म्हणाले. "एकदा सरकारी दफ्तरात त्यानं कागदावर अंगठा लावला. कशावर लावला, त्या कागदाचं नाव त्याला मरेपर्यंत कळलं नाही. म्हणून म्हणतो, वस्तू समोर येईल तेव्हा आपल्याला ओळखता आली पाहिजे." त्यानंतर मी हजेरीबुकाबद्दल तक्रार केली नाही.

बाजारच्या बर्फाला ते हात लावत नसत. लग्नात सरबताचा पेला पुढे आला की विचारत, "बर्फ कारखान्यातला ना? मग नको. तो माल आहे, बर्फ नाही. जमिनीवर आपोआप झालेला पाहीन, मग त्याला शिवेन." हे सगळे ते अशा चेहऱ्याने सांगत, की वाढणारा माणूस दबकून मागे सरे. आम्ही बाकीचे शिक्षक मात्र अशा वेळी मुद्दाम पेल्यातला बर्फ दातांखाली कुडकुड फोडत असू. मी जरा जास्तच.

दैवाने त्यांची चेष्टा केली नाही असे नाही. एका मार्चात भर दुपारी गारपीट झाली. मुलांनी ओंजळी भरल्या, मी पदर भरला, आणि सर होते इचोड्याला परीक्षेच्या मीटिंगला! संध्याकाळच्या बसने उतरले तेव्हा मैदानात नुसता चिखल होता. त्यांनी शिडी मागवली, पट्टी घेतली आणि शाळेच्या पत्र्यावरचे पोचे मोजले. "आवळ्याएवढ्या होत्या," खाली उतरून त्यांनी आम्हालाच माहिती दिली.

मग तपासणीला एक साहेब आले. यादी ऐकून खूश झाले आणि सहज म्हणाले, "बहुत अच्छा जी. मगर किसी ने देखा क्या बरफ?" पहिल्या बाकावरची सुमन उभी राहिली आणि प्रामाणिकपणे म्हणाली, "आमच्या सरनंबी नाई पाह्यलं जी." साहेब पोट धरून हसले. सरही हसले, पण त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही.

त्यांच्या निवृत्तीला तेव्हा तीन हिवाळे उरले होते. आमच्याकडची थंडी तशी साधी नाही. डिसेंबर-जानेवारीत माणसे शेकोटी सोडून कामाला जायला तयार नसतात. सरांनी घरची पितळी परात आणली, पाण्याने काठोकाठ भरली, धूळ पडू नये म्हणून वर कापड बांधले आणि शाळेच्या व्हरांड्यात ठेवली. रोज पहाटे येऊन कापड सोडत. रोज पाणीच. दोन हिवाळे असे गेले. गावात लोक रामराम-जयभीम घालण्याआधी विचारू लागले, "काय सर, जमलं का?"

तिसऱ्या हिवाळ्यात आमचा अटेंडर, म्हणजे शिपाई, गंगाराम न राहवून बोलला. "सर, रागावू नका. झाकून ठेवसान त थंडी शिरन कुठून?"

सरांनी छडी खाली ठेवली. "बोल."

"माठ झिरपते म्हून त्यातलं पानी थंडं होते न? पितळ काय झिरपते? कुंभाराकडचे परळ आना. उथळ. बोटभर पानी, जास्त नाई. खाली कोरडा कडबा टाका, अन् आभाळाखाली ठेवा, उघडं."

अकरा प्रकार पाठ असलेला माणूस अटेंडरसमोर वहीत लिहून घेत होता, हे मी डोळ्यांनी पाहिले. मैदानाच्या टोकाला कडब्याची गादी झाली, तिच्यावर मातीचे बारा परळ मांडले गेले. पहिल्या दिवशी कुत्रा पाणी प्यायला. मग ढग आले. सरांचा जानेवारीअखेरचा निरोपसमारंभ ठरला, हारसुद्धा सांगून झाला, आणि परळांत पाणीच.

शेवटच्या आठवड्यात आभाळ स्वच्छ झाले. वारा पडला. एका सकाळी उजाडता उजाडता गंगाराम माझ्या दारात धावत आला. "बाई, चाला! सर बोलून नाई राह्यले, नुसते उभे हायेत!"

मी शाल ओढून पळाले. मागून मुले आली. सुमन सर्वांत पुढे. कडब्याजवळ सर मफलर गुंडाळून उभे होते. बारांपैकी तीन परळांवर पापुद्रा धरला होता, जुन्या काचेसारखा, आत एक काडी अडकलेली. सर वाकले आणि नखाने एकावरचा पापुद्रा कडेने सोडवला. तळहातावर घेतला.

सुमनने वही उघडली. "सर, यातला कोनता हाय हा? नाव काय लिहू?"

सरांनी तळहात उजेडाकडे धरला. डोळ्यांतून पाणी येत होते, थंडीने म्हणा.

चार दिवसांनी हार घालून ते गुडीहत्नूरला लेकीकडे गेले. काही वर्षांनी वारले. शोकसभेत मला दोन शब्द बोला म्हणाले, तेव्हा मी त्या सकाळचे त्यांचे उत्तर जसेच्या तसे सांगितले आणि भरल्या डोळ्यांनी बसलेली माणसे मोठ्याने हसली. गंगाराम सर्वांत मोठ्याने. कारण शाळेच्या आवारात तीस वर्षांत एकही गावठी शब्द न काढलेले आमचे बर्फसर, तळहात झटकत, सगळ्या शाळेसमोर ओरडले होते:

"अबे गंगाराम, हे त चावून राह्यलं रे!"