पुस्तकं ऐकली, कागद वाचला नाही

"हार्ट अटॅक आहे. लगेच अँजिओप्लास्टी करावी लागेल," यांना तपासून डॉक्टरबाई मला म्हणाल्या. अँजिओप्लास्टी म्हणजे हृदयाची तुंबलेली रक्तवाहिनी फुग्यानं उघडायची आणि ती पुन्हा मिटू नये म्हणून आत जाळीची बारीक नळी बसवायची. पुढ्यात आलेल्या कागदावर मी न वाचताच सही केली. अशा घाईत कोण वाचतं, असं तेव्हा वाटलं.

आम्ही मूळचे निलंग्याकडचे, आता काळेवाडीत राहतो. हे चाकणला वेल्डर, मी तिकडंच दुसऱ्या कंपनीत पॅकिंगला. माझी शाळा सातवीपर्यंत. कंपनीच्या बसमध्ये जाण्यायेण्यात रोज अडीच तास जातात. सात-आठ वर्षांपूर्वी मुलीनं मोबाइलवर ऑडिओबुक लावून दिलं. तेव्हापासून किती कादंबऱ्या, किती चरित्रं ऐकली! जेवणाच्या सुट्टीत बायकांना त्यातलं सांगायचे. "ताई किती वाचतात!" त्या म्हणायच्या. मी वाचत नाही, ऐकते, हे एकदाही सांगितलं नाही.

पाचव्या दिवशी यांना घरी सोडलं. सिस्टर गोळ्या समजावू लागली. मी म्हटलं, "द्या इकडं, येतं मला वाचता."

डिस्चार्ज कार्डासोबत गोळ्यांचा मराठी कागद होता. घरी उघडला. अक्षरं ओळखीची होती, पण शब्द जुळेना. प्रत्येक जोडाक्षराशी अडायचे. ओळ संपेपर्यंत तिची सुरुवात विसरायचे. शेवटी पहिले दोन-तीन शब्द वाचून पुढचं अंदाजानं धरलं. नाशिकला मुलीला फोन करता आला असता. लाज वाटली, नाही केला.

'ब्लडप्रेशरची आधीची गोळी' इथवर वाचलं. पुढं 'बंद करावी' होतं. मी तीही दिली, नवीही दिली.

तिसऱ्या दिवशी सकाळी हे मोरीत कोसळले. प्रेशर फार उतरलं होतं. भुवईवर फुटलं आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असल्यानं ते थांबेना. रिक्षात माझा अख्खा पदर भिजला.

"कागद वाचला नव्हता का?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"वाचला होता."

हे पडल्यापडल्या म्हणाले, "मीच घेतली, म्याडम. सवय होती. हिचं काही चुकलं न्हाई."

यांना टाके पडत होते आणि मी बाहेर बाकावर बसून होते. खरं सांगायला तोंड उघडलं नाही. आजारपणातला हाच दिवस मला सगळ्यात जास्त छळतो.

टाके काढायला गेलो तेव्हा मात्र सगळं सांगून टाकलं. डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. "ऐकून गोष्ट कळते, शब्द वाढतात, ते वाया जात नाही," त्या म्हणाल्या. "पण डोळ्यांनी वाचायचा सराव सुटलाय तुमचा. तो वाचूनच परत येईल." मग तोच कागद माझ्याकडं सरकवला. "मोठ्यानं वाचा."

यांच्यासमोर मी एकेक अक्षर लावत वाचलं. खूप वेळ लागला. कान तापले होते.

"दमानं होऊ दे," हे एवढंच म्हणाले.

आता रोज पेपरातली एक बातमी मोठ्यानं वाचते. पुस्तकंही ऐकते, पण 'ऐकलं' असंच सांगते. तुमच्यावर दवाखान्याची वेळ आली आणि कागद वाचायला जड गेला, तर सिस्टरला म्हणा, "वाचून दाखवा." त्या दाखवतात.

यांच्या भुवईवर वण राहिलाय. कुणी विचारलं की हे म्हणतात, "मोरीत घसरलो."

मी शेजारी असले, तर पुढचं मी सांगते.