साडूंची श्रद्धांजली

आमच्या साडूंइतका खोटं बोलायला नालायक माणूस शहापूर आणि मुरबाड हे दोन्ही तालुके धुंडाळले तरी सापडायचा नाही, आणि असा माणूस पोटासाठी मुरबाडच्या एका कारखान्यात जनसंपर्क अधिकारी होता. म्हणजे कारखान्याचं चांगलं चारचौघांत सांगणं हेच त्यांचं काम. खर्डीच्या एका लग्नात यजमान हात जोडून जेवण कसं झालं म्हणून विचारत होते. आम्ही सगळे ढेकर देत 'उत्तम' म्हणालो; साडू म्हणाले, भात बरा होता, मठ्ठा आंबला होता. माझ्या पुतणीला बघायला पाहुणे आले, तेव्हा चहाचा कप खाली ठेवून यांनी मुलगी गुणी आहे, पण तापट आहे, असं सांगून टाकलं. स्थळ गेलं. माझी बायको सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याशी महिनाभर बोलली नाही. पुढच्या स्थळाने मात्र 'तुमच्यातल्या त्या खरं बोलणाऱ्या गृहस्थांना बोलवा' असा निरोप धाडला आणि त्यांच्याच शब्दावर लग्न ठरवलं, तेव्हा आमची तोंडं बघण्यासारखी झाली.

कारखान्यातही हीच तऱ्हा. बातमीतला 'भव्य' खोडल्याशिवाय त्यांचा हात पुढे सरकत नसे. वृक्षारोपणाची बातमी उन्हाळा सरल्यावर देऊ, तोवर किती रोपं जगतात ते कळेल, असं त्यांनी साहेबांना सुचवलं होतं. मी चिडवायचो, साडूभाऊ, तुम्हाला पगार नेमका कशाचा मिळतो? ते गंभीरपणे म्हणायचे, लोकांनी आपल्या शब्दावर विश्वास ठेवावा याचा. शब्दाला ते फार जपत. फोटोकडे मात्र त्यांनी कधी त्या नजरेने पाहिलं नाही.

मग धसईकडचा एक तरुण कारखान्यात टाकी साफ करताना वायूने गुदमरून गेला. कामगाराने मास्क लावला नाही, त्याच्याच निष्काळजीपणामुळे अपघात घडला, अशी बातमी करा, असं वरून फर्मान आलं. साडूंनी चौकशी केली. त्या पाळीला मास्क दिलेच नव्हते. त्यांनी लिहायला साफ नकार दिला; मग मुंबईच्या ऑफिसातून दुसऱ्याच कोणीतरी लिहिलं आणि ते छापून आलं. साडूंचे हात तेवढे स्वच्छ राहिले.

आमच्याकडे दहाव्याला नदीकाठी श्रद्धांजलीची भाषणं होतात. कारखान्यातर्फे दोन शब्द बोलायला साडूंनाच पाठवलं. मी त्यांना मोटारसायकलवरून घेऊन गेलो. मांडवात त्या मुलाचा मोठा फोटो लावला होता. डोक्यावर हेल्मेट, नवाकोरा मास्क हनुवटीखाली ओढलेला आणि तोंडभर हसू. सुरक्षा सप्ताहाच्या फलकासाठी साडूंनीच हा फोटो काढवून घेतला होता, आणि मुलाने एक प्रत हौसेने घरी नेली होती. खाली त्याची आई बसली होती. साडू कारखान्याचे, हे कळल्यावर तिने फोटोकडे बोट दाखवलं.

"मास्क व्हता की त्याच्याकडं. मी रोज सांगत व्हते, जपून काम कर रे. नाय ऐकलं त्यानं माझं."

कारखान्याने लिहून दिलेलं भाषण साडूंच्या खिशात होतं, ते त्यांनी बाहेर काढलंच नाही. समोर कारखान्याचे दोन साहेब बसलेले. साडूंनी माइक हातात घेतला आणि ते म्हणाले, "हा मास्क फोटोपुरता आणला होता. फोटो झाला आणि तो परत कपाटात गेला. बाकीच्यांचे मास्क कुठे आहेत, हे मी तेव्हा विचारलं नाही. त्या दिवशी या मुलाला मास्क दिलाच नव्हता. चूक त्याची नव्हती."

साहेब उठून गेले. नोकरी गेल्यातच जमा होती आणि तशी ती गेलीही. इतकी वर्षं ज्या माणसाची मी टर उडवली, त्याच्याकडे मला त्या वेळी बघवेना.

आम्ही निघालो तेव्हा ती आई मागून आली. कारखान्याला शिव्या नाहीत, साडूंना बोल नाही. पदराने तोंड पुसत तिने एवढंच विचारलं, "म्हंजे माझा पोर माझं ऐकत व्हता ना?"

साडूंनी होकारार्थी मान हलवली. धसईपासून मुरबाडपर्यंत, माझ्या पाठीमागे बसून, तो माणूस रडत होता.