ओढून न पाहिलेलं कुलूप

दुपारी टीव्हीवर जुना कृष्णधवल सिनेमा लागला होता. खून करून पळालेलं जोडपं, मागे पोलिसांच्या गाड्या. बायको मध्येच म्हणाली, "अहो, दार नुसतं लोटून निघाले की हे!" तेव्हापासून मला चैन पडेना. आम्ही साधं भाजीला निघालो तरी गॅस बघतो, शेजारच्या काकूंकडे किल्ली देतो, कुलूप ओढून बघतो. परत यायचं असलं की निघणं असं लांबतं. त्या दोघांना परतायला घरच उरलं नव्हतं. तरी हेवा वाटलाच.

संध्याकाळी फिरायला निघालो. कुलूप लावलं आणि सवयीने हात पुन्हा त्याच्याकडे गेला. जिन्यातून ही म्हणाली, "आज नका ओढून बघू. चला."

तसाच निघालो. कोपऱ्यावर मात्र तीच थांबली.

"लागलं असेल ना हो?"